मराठवाड्यात एमबीबीएस: पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेज कसं पारखायचं

नीटचा निकाल लागला की लातूरपासून हिंगोलीपर्यंत घरोघर एकच चर्चा असते: कुठं लागेल नंबर? कुठं लागावा, हा प्रश्न मात्र फारसा कुणी काढत नाही. पूर्वी त्याचं कारणही होतं. मराठवाड्यात सरकारी कॉलेजं मोजकीच होती, त्यामुळे मिळेल ते घ्यायचं आणि देवाला पेढे ठेवायचे. आता तसं राहिलेलं नाही. छत्रपती संभाजीनगरची घाटी, म्हणजे तिथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, १९५६ पासून आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण महाविद्यालय सत्तरच्या दशकातलं, नांदेडचं १९८८चं, लातूरचं २००२चं. त्यानंतर धाराशिव २०२२ मध्ये, परभणी २०२३ मध्ये आणि जालना व हिंगोली २०२४ मध्ये सुरू झालं. म्हणजे आठही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याशिवाय लातूरचं एमआयएमएसआर, संभाजीनगरचं एमजीएम अशी खाजगी आणि अभिमत (डीम्ड) कॉलेजं वेगळी.

ज्या घरात याआधी कुणी डॉक्टर झालेलं नाही, त्या घरातल्या लेकरांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: पीजीला, म्हणजे पुढच्या एमडी-एमएसला, कुठली ब्रँच मिळेल हे कॉलेजच्या नावावर ठरत नाही. कॉलेज तुम्हाला रुग्ण देतं, शिकवणारी माणसं देतं, अभ्यासाला वेळ आणि संगत देतं, आणि डोक्यावर कर्ज ठेवतं किंवा ठेवत नाही. पारखायच्या गोष्टी एवढ्याच.

पायरी पहिली: आपल्याला कुठले दरवाजे उघडे आहेत ते बघा

सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) भरते. उरलेल्या ८५ टक्के राज्य सीईटी कक्ष कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांमधून भरतो. खाजगी कॉलेजांच्या राज्य कोट्यातल्या जागाही सीईटी कक्षाकडेच असतात. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश मात्र एमसीसीकडे, म्हणजे संभाजीनगरचं एमजीएम हवं असेल तर नोंदणी तिकडे वेगळी करावी लागते. दरवर्षी कुणीतरी एकाच ठिकाणी नोंदणी करून निवांत बसतं आणि तारीख निघून जाते.

काका-मामा अजूनही ‘७०:३०’ची, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाकीच्यांना, ही गोष्ट सांगतील. तो प्रादेशिक कोटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. आता मराठवाड्यातलं पोरगं आणि पुण्यातलं पोरगं एकाच गुणवत्ता यादीत असतं. तुम्ही मुंबई-पुण्याची कॉलेजं वर टाकू शकता आणि तिकडची मुलं तुमच्या शेजारच्या बाकावर येऊन बसू शकतात. त्यामुळे २०२० च्या आधीचे कटऑफ कुणी दाखवले तर बाजूला ठेवा. गेल्या दोन-तीन वर्षांच्या, आपल्या प्रवर्गाच्या, शेवटच्या फेरीपर्यंतच्या याद्या बघा.

पायरी दुसरी: पैशाचा हिशेब पहिल्या वर्षाचा करू नका

एमबीबीएस साडेचार वर्षं आणि इंटर्नशिप एक वर्ष. पुढे पीजीच्या तयारीत बहुतेकांचं एखादं वर्ष जातं, मग तीन वर्षं रेसिडेन्सी. तिशी जवळ येईपर्यंत हातात मोठी कमाई नसते. अभिमत विद्यापीठाची वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे जाऊ शकते. ते कर्ज काढलं तर त्याचं व्याज या सगळ्या वर्षांत चढत राहतं. शेत विकून पहिली फी भरलेली कुटुंबं आपल्याकडे आहेत. दुसऱ्या वर्षाची फी कुठून येणार, हे पहिली भरायच्या आधीच कागदावर मांडा.

खाजगी कॉलेजची मान्य फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. कॉलेजच्या खिडकीवर सांगितलेला आकडा तिथल्या आकड्याशी ताडून बघा, आणि फी साडेचार वर्षांची घेतात की पाच, हे स्पष्ट विचारा. मेस, हॉस्टेल, अनामत रक्कम यांची बेरीज वेगळी करावी लागते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून कॅपमधून घेतलेल्या प्रवेशावर शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. एखाद्या घरात एवढ्या एका गोष्टीनं सगळी यादी खालीवर होते.

सरकारी कॉलेजमधून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करायचा बाँड असतो. पीजीनंतर पुन्हा बाँड. लोक उगाच घाबरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं ते वर्ष पगारी असतं, आणि बरीच मुलं त्याच वर्षी पीजीचा अभ्यासही उरकतात.

आणि निकालानंतर ‘मॅनेजमेंटची एक सीट शिल्लक आहे, आजच टोकन द्या’ असा फोन आला तर ठेवून द्या. नीटची गुणवत्ता आणि अधिकृत फेरी सोडून एमबीबीएसला दुसरा रस्ता नाही.

पायरी तिसरी: इमारत नको, रुग्णालय बघा

यासाठी वेळ काढा, एसटीचं तिकीट काढा, स्वतः जा. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, शक्यतो सोमवारी, सकाळी नऊ-साडेनऊला पोचा. ऑडिटोरियम आणि जिम नंतर बघता येईल, आधी केसपेपरच्या खिडकीपाशी उभं राहा. रांग किती आहे, कुठल्या तालुक्यातून लोक आलेत, ते विचारा. मग वॉर्डात एक फेरी मारा. खाटा भरलेल्या आहेत का, रुग्ण खरंच आजारी आहेत का, सलाईन चालू आहेत का, डॉक्टर खाटेजवळ दिसतो का, की फक्त नोटीस बोर्डावर? शंभर जागांच्या कॉलेजला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या निकषांप्रमाणे ४२० खाटांचं रुग्णालय लागतं. पण खाट असणं वेगळं आणि खाटेवर रुग्ण असणं वेगळं. आयोगाच्या पाहणीच्या दिवशी वॉर्ड भरलेला आणि एरवी ओस, अशी कॉलेजं महाराष्ट्रात आहेत. म्हणूनच साध्या दिवशी जायचं.

सरकारी रुग्णालयात गर्दी ही अडचण नसते, ती शिकण्याची जागा असते. घाटीत हजाराहून अधिक खाटा आहेत आणि आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण पाठवले जातात. अंबाजोगाईला ऊसतोड कामगारांच्या बीड जिल्ह्यातले रुग्ण येतात: अंगात रक्त नसलेल्या गरोदर बाया, जळालेले, अपघाताचे. पाऊस सुरू झाला की सर्पदंश वाढतात, आणि कापूस-सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की औषध प्यालेले आणि औषध अंगात भिनलेले येतात. ऑर्गॅनोफॉस्फरसच्या रुग्णाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडाला फेस, छातीत घरघर; आणि अ‍ॅट्रोपिन देत देत रात्रभर ती छाती मोकळी होताना ज्यानं पाहिली, त्याला तो धडा पुन्हा पाठ करावा लागत नाही. पॉश इमारतीत, जिथं रुग्णाला आधी पैसे भरायला लागतात, तिथं हे क्वचितच बघायला मिळतं.

संशोधनाचंही तसंच. विंचूदंशावर प्राझोसिन वापरून मृत्यू कमी करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळ जालना जिल्ह्यातले. त्यांनी ते काम महाडसारख्या तालुक्याच्या गावात केलं आणि ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. नोंदी नीट ठेवायची सवय लागली तर विषय वॉर्डात पडलेलेच असतात.

आता जुनं आणि नवं कॉलेज यातला फरक. जुन्या कॉलेजात पीजीचे रेसिडेंट असतात. रात्री दोन वाजता केस कशी घ्यायची, सेंट्रल लाइन कशी टाकायची, हे प्राध्यापकांपेक्षा जेआरच (ज्युनियर रेसिडेंट) जास्त शिकवतात. पण तिथं तुमच्या वाट्याचे टाकेही तेच घालतात. नव्या कॉलेजात रेसिडेंटची गर्दी कमी आणि हात चालवायला संधी जास्त, पण बाजूला उभं राहून चूक दाखवणारं कुणी हवं. नव्या ठिकाणी रुग्णालय बहुधा जिल्हा रुग्णालयच असतं, त्यामुळे रुग्णांची चिंता नसते. चिंता असते ती शिक्षकांची.

म्हणून कँटीनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं आणि इंटर्न गाठा. चहा पाजा. ‘कॉलेज कसंय?’ असं विचारू नका, ‘चांगलंय’ एवढंच उत्तर मिळेल. विचारायचं ते असं: डिसेक्शनला (शवविच्छेदनाला) एका टेबलवर किती जण असतात? बायोकेमिस्ट्री कायमस्वरूपी कोण शिकवतं, की पाहणीपुरती माणसं दुसऱ्या कॉलेजातून येतात? क्लिनिकल पोस्टिंगला सर किती वाजता येतात आणि खाटेजवळ किती वेळ शिकवतात? इंटर्नला स्वतः किती डिलिव्हरी कंडक्ट करायला मिळतात, की दिवसभर रक्ताचे नमुने लॅबला पोचवणं आणि रिपोर्ट आणणं एवढंच? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरकारीतही कधीकधी जिवाला लागेल असं मिळतं. इंटर्न हा स्वस्त हमाल आहे असं समजणारे विभाग आहेत, आणि त्याच रुग्णालयात हाताला धरून शिकवणारे विभागही आहेत.

एक गोष्ट मराठवाड्यातल्या मुलांच्या बाजूची आहे. रुग्ण ‘माय, लई जळजळ व्हायलीय’ म्हणतो तेव्हा तुम्हाला दुभाषा लागत नाही. संभाजीनगरात दखनी उर्दू कानावर असते, नांदेडला तेलुगू बोलणारे येतात. केस हिस्ट्री घेण्यात भाषेचा मोठा वाटा आहे. बाहेरून आलेल्या मुलांचं पहिलं क्लिनिकल वर्ष त्यातच जातं.

पायरी चौथी: राहणं, खाणं, गाव

साडेपाच वर्षं जिथं झोपणार ती खोली बघून घ्या. पहिल्या वर्षाला हॉस्टेल मिळतं का, एका खोलीत किती जण, कॉलेजच्या आवारात की भाड्याच्या इमारतीत? नव्या कॉलेजात हा प्रश्न हमखास विचारा. पाणी रोज येतं का, हेही विचारा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. दर उन्हाळ्यात तेवढी वेळ येत नाही, पण मराठवाड्यातल्या हॉस्टेलमध्ये टाकी कधी भरते हे माहीत असलेलं बरं.

घाटी ऐन शहरात, पाणचक्कीजवळ. बाहेर पडलं की सगळं आहे, मन रमवणारंही आणि भरकटवणारंही. नांदेडचं कॉलेज विष्णुपुरीला, शहराबाहेर; कॅम्पसमध्येच जीव रमवावा लागतो. अंबाजोगाई लहान गाव, रेल्वे परळीला. संध्याकाळी योगेश्वरीच्या देवळापर्यंत फेरी, एवढीच काय ती करमणूक. पण तिथल्या बॅचेस घट्ट असतात आणि सीनियरची ओळख वीस वर्षांनीही कामाला येते. लातूरला अभ्यासिका, मेस, डबा यांची ददात नाही. सगळं गावच परीक्षेच्या वेळापत्रकावर चालतं. कुणाला ते वातावरण मानवतं, कुणाला दोन वर्षं नीटची तयारी करून त्याचा वीट आलेला असतो. अकरावी-बारावी लातूरला काढली असेल तर पुन्हा तिथंच जायचं का, याचा विचार मोकळेपणानं करा.

घरापासून किती लांब, यावर आईवडील आणि मुलं यांचं सहसा जमत नाही. माझ्या मते तीन-चार तासांचं अंतर बरं. आजारी पडलं तर घरचं माणूस संध्याकाळपर्यंत पोचतं आणि दर शनिवारी पिशवी घेऊन घरी पळायचा मोहही होत नाही.

मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी एक गोष्ट अंधार पडल्यावर बघावी: वॉर्डापासून हॉस्टेलपर्यंतचा रस्ता. दिवे आहेत का, सुरक्षारक्षक जागेवर असतो का, ड्यूटी रूमला आतून कडी आहे का? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्यानंतर हे प्रश्न विचारायला कुणी लाजू नये.

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, आणि देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालते. नंबर फोनमध्ये टाकून ठेवा. सीनियर नोट्स देणारे, जेवायला नेणारेही असतात. रात्री उभं करून ‘इंट्रो’ घेणं ही त्या ओळखीची किंमत नव्हे.

पायरी पाचवी: पीजीचं गणित

इथं सर्वात जास्त गैरसमज आहेत. ‘त्या कॉलेजात पीजीच्या जागा जास्त आहेत, म्हणून तिथं घे’ हा सल्ला नेहमीचा. पण सरकारी कॉलेजातल्या पीजीच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या निम्म्या राज्याच्या यादीतून भरतात. त्या राज्य यादीत घाटीचा विद्यार्थी आणि हिंगोलीचा विद्यार्थी यांच्यात फरक नाही. नीट-पीजीचा रँक बघतात. आपल्याच कॉलेजात एमबीबीएस केलं म्हणून इथं कुणी जागा राखून ठेवत नाही. अभिमत विद्यापीठांच्या पीजी जागा तर सगळ्याच एमसीसीकडून भरतात. मात्र महाराष्ट्रातून एमबीबीएस केल्याचा फायदा आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीजीसाठी रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, पण संस्थेवर आधारित प्राधान्य, म्हणजे तिथल्या कॉलेजातून एमबीबीएस केलेल्यांना दिलेलं, वाजवी मर्यादेत चालेल असं म्हटलं. त्यामुळे परराज्यातल्या स्वस्त कॉलेजचा विचार असेल तर पुढे पीजीला कुठल्या राज्याची यादी आपल्याला धरेल, हे आधी तपासा.

दुसरा गैरसमज ‘निकालाचा’. अमुक कॉलेजची इतकी मुलं पीजीला लागली, असे फलक दिसतात. ते खोटेच असतात असं नाही. पण जुन्या कॉलेजात मुळात जास्त मार्कांची मुलं जातात. बारावीनंतर जे पहिल्या हजारात होते ते पाच वर्षांनी पीजीतही पुढे असतील, यात कॉलेजचा हात किती आणि पोरांचा किती? म्हणून फलक वाचू नका, सीनियरना विचारा: तुमच्यासारखेच मार्क घेऊन इथं आलेल्यांचं काय झालं? पहिल्या प्रयत्नात किती जणांना मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पेड्स अशी क्लिनिकल ब्रँच मिळाली, किती जण ड्रॉप घेऊन बसले?

कॉलेजचा परिणाम होतो तो आडून. लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते. इंटर्नशिपच्या ड्यूट्या अशा लावतात का, की अभ्यासाला श्वास मिळावा. शेजारच्या खोलीतला पोरगा तिसऱ्या वर्षापासून रोज प्रश्न सोडवतो की गॅदरिंगपासून गॅदरिंगपर्यंत जगतो. ऑनलाइन अ‍ॅपवर सगळ्या देशाला तेच सर शिकवतात. ते लेक्चर ऐकायला कुणाबरोबर बसणार, एवढं कॉलेज ठरवतं. आणि इंटर्नशिप वेळेत संपायला हवी. नीट-पीजीला बसायला ती ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण लागते. एखाद्या विषयात अडकून बॅचच्या मागे पडलात तर अख्खी परीक्षा हातची जाऊ शकते. म्हणून पहिल्या वर्षाची अ‍ॅनाटॉमी सहज घेऊ नका.

डिग्रीच्या नावाची चिंताही सोडा. अभिमत वगळता इथली सगळी कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. पेपर एकच, प्रमाणपत्र एकच.

पुढे पीजीची जागा निवडायची वेळ येईल तेव्हा मात्र बघण्याच्या गोष्टी बदलतात. त्या वेळी ज्या विभागात जाणार तिथल्या जेआर-२ ला, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला, गाठा: आठवड्याला किती रात्री, ऑपरेशनमध्ये सुरी कुणाच्या हातात, विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला येतं का, रेसिडेंटना खोली मिळते का? निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ संघटनेचे संप बऱ्याचदा याच प्रश्नांवर झालेत. आता प्रत्येक पीजीला तीन महिने जिल्हा रुग्णालयातही काढावे लागतात. पण एमबीबीएसच्या उंबरठ्यावर उभं राहून त्यावर झोप घालवू नका.

पायरी सहावी: पसंतीक्रम

फॉर्म भरताना कटऑफप्रमाणे नव्हे, मनाप्रमाणे क्रम लावा. ‘हे तर मिळणारच नाही, कशाला वर टाकायचं’ हा विचार चुकीचा. वरची पसंती हुकली तर यंत्रणा खालच्या पसंतीकडे जाते, तुमचं काही कमी होत नाही. पण खालचं कॉलेज वर टाकलंत तर तेच मिळतं आणि मग चांगलं हातचं जातं.

माझा क्रम असा असेल. कर्ज काढावं लागत असेल तर कुठलंही सरकारी कॉलेज, नवं असलं तरी, अभिमतच्या वर. दोन सरकारींत जुनं वर, कारण रात्री शिकवणारे रेसिडेंट तिथं असतात. पण तिथलं हॉस्टेल अगदीच वाईट आणि नव्या ठिकाणी शिक्षक कायमचे असतील तर नवं. राज्य कोट्यातली खाजगी जागा घरच्या कुवतीत बसत असेल आणि रुग्णालय भरलेलं दिसलं असेल, तर तिला नाक मुरडायचं कारण नाही. मुंबई-पुण्याच्या नावासाठी घरच्यांना दरमहा किती पाठवावं लागेल, तेही मोजा.

फेऱ्यांच्या मधे एक सापळा आहे. प्रवेश घेताना ‘स्टेटस रिटेन्शन’ फॉर्म भरला की पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. आणि तो न भरता पुढच्या फेरीत गेलात, वरचं कॉलेज मिळालं, तर आधीची जागा आपोआप जाते. ‘दोन्ही ठेवून बघू’ असं होत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीच्या यादीत फक्त अशीच कॉलेजं ठेवा, जी हातातल्यापेक्षा खरोखर बरी वाटतात.

कागदपत्रांत जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला यांना वेळ लागतो. तहसीलच्या चकरा निकालाआधीच मारून ठेवा. प्रवेशाच्या दिवशी मूळ कागद कॉलेज जमा करून घेतं. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी अर्ज, बँकेचं कर्ज, हॉस्टेल, सगळ्यांना तेच कागद लागतात. निघायच्या आधी सगळ्याचं रंगीत स्कॅन फोनमध्ये आणि साक्षांकित झेरॉक्सचे तीन-चार संच पिशवीत असू द्या.